घरातली जुनी वस्तू संग्रहालयात घ्यायची, तर

सोलापुरातल्या आमच्या इतिहास मंडळाचं संग्रहालय दोन खोल्यांचं आहे आणि तिथली नोंदवही माझ्याकडे असते. नव्याने सुरुवात करणारी मंडळी आधी काचेच्या कपाटांचा खर्च विचारतात. मी त्यांना जाड पुठ्ठ्याची बांधीव वही आणायला सांगते. जुन्या मिलचा पितळी बिल्ला कुणाच्या छातीवर होता हे लिहिलेलं नसेल, तर तो नुसता पितळेचा तुकडा राहतो.

वस्तू घेऊन कुणी आलं की त्यांना बसवा, चहा सांगा आणि वही लगेच उघडा. वस्तू ठेवून माणूस गेला की माहितीही त्याच्याबरोबर जाते. साखर पेठेतल्या एक आजी घरातला धोटा, म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारं लाकडी साधन, घेऊन आल्या. लाकूड हाताने गुळगुळीत झालेलं, टोकाचं लोखंड झिजलेलं आणि एका कडेला तीन तिरप्या रेघा. रेघा कशाच्या, असं विचारलं. आजी तेलुगूत सांगत होत्या, नात मराठीत. एकाच छपराखाली भावाभावांचे माग होते. धोटे मिसळू नयेत म्हणून प्रत्येकाने आपापली खूण कोरली होती. न विचारता लिहिलं असतं तर वहीत ‘ओरखडे’ एवढंच आलं असतं.

म्हणून प्रश्न नेमके हवेत. कुणी वापरलं? कुठल्या मिलमध्ये, कुठल्या खात्यात, कुठल्या पाळीला? खड्ड्यात पाय सोडून हाताने चालवायचा खड्डा माग होता की यंत्रमाग? घरात या वस्तूला काय म्हणायचे? सोलापुरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू शेजारी शेजारी नांदतात, तेव्हा माणसाला त्याच्या भाषेत बोलू द्या आणि मोबाइलवर आवाज टिपून ठेवा. मराठी सारांश नंतर लिहिता येतो. रेकॉर्डिंगच्या आधी परवानगी विचारा आणि ‘हो’ म्हटलेलंही त्यातच येऊ द्या.

वहीत दोन रकाने वेगळे ठेवा : वस्तूवर दिसतं ते आणि देणाऱ्याने सांगितलं ते. याबाबत मी फार आग्रही आहे. मे १९३० मध्ये सोलापुरात लष्करी कायदा लागला. त्यानंतर मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्या दिवसांची आठवण इथल्या अनेक घरांत आहे. कुणी पांढरी टोपी आणून म्हणतं, ‘आजोबांनी ही घातली म्हणून त्यांना फटके बसले.’ त्या काळात गांधी टोपीवरून शिक्षा होत होत्या, हे खरं आहे. पण हीच ती टोपी का, हे टोपीवर लिहिलेलं नसतं. दिसतं त्या रकान्यात ‘पांढरी सुती टोपी, हातशिलाई’ लिहा आणि आजोबांची हकिगत सांगणाऱ्याच्या नावासह दुसऱ्यात. घराण्याच्या आठवणीचा मानही राहतो आणि पुढच्या अभ्यासकाची फसगतही होत नाही.

मग देणगीपत्र. वस्तू कायमची दिली की मुदतीवर, हे स्पष्ट लिहून दोघांच्या सह्या घ्या. भावंडांमध्ये वाद असेल तर वस्तू घेऊ नका, फोटो काढून परत द्या. शेतात सापडलेली मूर्ती, ताम्रपट किंवा नाणी कुणी आणली तर त्यांना थेट प्रशासनाकडे आणि पुरातत्त्व विभागाकडे पाठवा. १८७८ चा निखात निधी (जमिनीत पुरलेलं धन) कायदा आणि १९७२ चा पुरावशेष कायदा अशा वस्तूंना लागू होतात. वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराचा कोरीव स्मृतिदगड, तर जागेवरच शोभतो. सोलापूर जिल्ह्यातल्या हत्तरसंग कुडलचा शके ९४० चा मराठी शिलालेख देवळातच आहे, म्हणून तर तिथे उभं राहिल्यावर त्याचा अर्थ लागतो.

दाखल क्रमांक साधा ठेवा. २०२४/१७/३ म्हणजे त्या वर्षीच्या सतराव्या देणगीदाराची तिसरी वस्तू. कागदावर मागच्या बाजूला मऊ पेन्सिलने लिहा. चादरीला, लुगड्याला सुती फितीवर क्रमांक लिहून ती फीत कडेला दोन सैल टाक्यांनी शिवा. धोटा, मागाची फणी, बिल्ला यांना दोऱ्याने चिठ्ठी बांधली तरी चालते. स्टेपलर, सेलोटेप आणि लॅमिनेशन मात्र दाराबाहेर. टेपचा डिंक पिवळा पडून कागदात मुरतो, लॅमिनेशन तर सुटतच नाही.

पितळ चिंचेने किंवा पितांबरीने घासू नका. चमक येते, पण बारीक अक्षरं झिजतात. मऊ ब्रशने धूळ झटकणं पुरे. कापडाची घडी घडीवरच फाटते, म्हणून जाड नळीला धुतलेलं मांजरपाट गुंडाळून त्यावर कापड गुंडाळा. डांबराच्या गोळ्या कापडाला लागू देऊ नका. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो, तेव्हा पत्र्याखाली किंवा माळ्यावर काही ठेवायचं नाही. पावसाळ्यात भिंतीपासून वीतभर अंतर सोडा आणि वाळवी, कसर यांसाठी महिन्यातून एकदा प्रत्येक खोका उघडून बघा. उन्हाची तिरीप चादरीवर येत असेल तर खिडकीला जाड पडदा लावा आणि काही महिन्यांनी ती चादर आत ठेवून दुसरी मांडा.

पाट्या तीन-चार ओळींच्या, मोठ्या अक्षरांत हव्यात. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला आलेली माणसं आमच्याकडेही डोकावतात. त्यात कर्नाटक आणि तेलंगणातली बरीच असतात. त्यांच्यासाठी पाटीवर कन्नड आणि तेलुगू ओळही द्या, आणि ती शेजारच्याच एखाद्या आजोबांकडून तपासून घ्या.

वहीची दुसरी प्रत हवीच. दर महिन्याला नव्या पानांचे फोटो काढा, छापून घ्या आणि मंडळातल्या दुसऱ्या कुणाच्या घरी, संग्रहालयापासून लांब ठेवायला द्या.