कृष्णवर्णीय बाईला ट्रोल करताना दिसलं तर काय करायचं

आधी स्क्रीनशॉट काढा, तारीख आणि अकाउंटचं नाव दिसेल असा, कारण पोस्ट डिलीट झाली की पुरावाही जातो. पण ती शेअर करून "बघा किती घाण" लिहू नका हां, त्याने उलट पसरतेच.

मग अकाउंट खरं आहे का बघा. २०१४ मध्ये अमेरिकेत ट्विटरवर #एन्डफादर्सडे (म्हणजे "फादर्स डे बंद करा") फिरला, कृष्णवर्णीय स्त्रीवाद्यांच्या नावाने, आणि निघाली सगळी फेक अकाउंटं! शफीका हडसन या कृष्णवर्णीय स्त्रीवादीने #युअरस्लिपइजशोइंग (म्हणजे "तुझा परकर दिसतोय", तुझं सोंग उघडं पडलंय) सुरू केलं आणि बायकांनीच मिळून एकेकाला उघडं पाडलं, कंपनीची वाट बघत बसल्या नाहीत. भाषा ओढूनताणून नक्कल केल्यासारखी वाटते का, फोटो दुसऱ्या कुणाचा उचललाय का, हे तपासा.

पेपरमध्ये आलं असेल तर नेमकं लिहा. २०१८ चं ऑस्ट्रेलियन पेपरातलं टेनिसपटू सेरेना विल्यम्सचं कार्टून आठवतंय? फुगवलेले ओठ, रॅकेटवर आदळआपट, म्हणजे तोच जुना "संतापी काळी बाई" साचा. नुसतं "रेसिस्ट" म्हणून भागत नाही, साचा दाखवावा लागतो (तरी तिथल्या प्रेस कौन्सिलने क्लीन चिट दिलीच).

आणि जिला ट्रोल केलंय तिलाच मेसेज करून "हे बघितलंस का?" विचारू नका, तिने बघितलेलं असतं.