खगोलजीवशास्त्रासाठी पदवीचा विषय कसा निवडावा

खगोलजीवशास्त्र म्हणजे पृथ्वीबाहेर जीवसृष्टी असू शकते का, याचा अभ्यास. पदवीच्या नावात हा शब्द शोधू नका. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, भूशास्त्र किंवा सूक्ष्मजीवशास्त्र यांपैकी एका विषयाचा पाया पक्का करा आणि दुसरा जोडीला घ्या.

अकरावीत गणित आणि जीवशास्त्र दोन्ही ठेवा. बहुतेकांचं इथेच चुकतं. नीटच्या नादात गणित सुटतं, नाहीतर बायफोकलला (व्यावसायिक विषय म्हणून) कॉम्प्युटर सायन्स घेतल्याने जीवशास्त्र जातं. आयसर या केंद्रीय विज्ञान संस्थांच्या आयएटी या प्रवेश परीक्षेत भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्र या चारही विषयांचे प्रत्येकी १५ प्रश्न असतात. पुढे एमएस्सीसाठी जॅम या प्रवेश परीक्षेचा बायोटेक्नॉलॉजीचा पेपर दिलात, तरी त्यात बारावीचं गणित येतंच. आयसर पुण्याचा पाच वर्षांचा बीएस-एमएस मिळाला तर उत्तम, कारण तिथे सुरुवातीला सगळी मूलभूत विज्ञानं शिकून मग विषय ठरवता येतो.

साध्या बीएस्सीत मेजर-मायनरची, म्हणजे मुख्य आणि जोडविषयाची, जोडी महत्त्वाची. परग्रहांची वातावरणं अभ्यासायची असतील तर भौतिकशास्त्राला रसायनशास्त्र जोडा. टोकाच्या परिस्थितीत जगणारे जीव खुणावत असतील तर सूक्ष्मजीवशास्त्राला रसायनशास्त्र. मन ठरत नसेल तर आमचं मत रसायनशास्त्र मेजर, भूशास्त्र मायनर. १९७६ साली नासाच्या व्हायकिंग यानांनी मंगळाची माती तापवली, तेव्हा निघालेल्या वायूंत क्लोरिनयुक्त मिथेन सापडलं. ते पृथ्वीवरच्या सफाईद्रवाचे अंश असावेत, असं तेव्हा मानलं गेलं. २००८ मध्ये नासाच्या फिनिक्स यानाला मंगळाच्या मातीत परक्लोरेट (क्लोरिन आणि ऑक्सिजन असलेले क्षार) सापडलं आणि ती जुनी नोंद पुन्हा चर्चेत आली, कारण परक्लोरेटसोबत सेंद्रिय द्रव्य तापवलं की हीच संयुगं तयार होऊ शकतात. मातीतली खनिजं आणि त्यांच्या अभिक्रिया ठाऊक नसतील तर हाती आलेला पुरावाही ओळखता येत नाही.

प्रवेशाआधी प्रयोगशाळा बघून या. भूशास्त्र विभागात ध्रुवण सूक्ष्मदर्शक (खडकांतली खनिजं ओळखायचा) किती विद्यार्थ्यांत एक आहे, सूक्ष्मजीव विभागात ऑक्सिजनविना जिवाणू वाढवायची सोय आहे का, हे तिथल्याच विद्यार्थ्यांना विचारा. यंत्र कपाटात बंद असेल तर त्याचा उपयोग नाही.

दुसऱ्या वर्षापासून पायथन ही प्रोग्रॅमिंग भाषा आणि सांख्यिकी सुरू करा. तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी बुलढाण्याचं लोणार सरोवर फार मोलाचं आहे. बेसॉल्ट या ज्वालामुखीच्या खडकात उल्काघाताने झालेलं हे विवर, आणि पाणी खारट व अल्कधर्मी, सामू (पीएच) १० च्या आसपास. परिसर अभयारण्यात येतो, म्हणून वनविभागाची परवानगी आधी काढा. सामू आणि तापमान काठावरच मोजा. बाटलीत पाणी ठेवलं की आकडे बदलतात. नमुने निर्जंतुक बाटल्यांत भरून बर्फाच्या पेटीत आणा. सोबत निर्जंतुक पाण्याची एक बाटली तिथेच उघडून बंद करा आणि तीही तपासा. तिच्यात जिवाणू वाढले, तर तुमच्या नमुन्यातले जिवाणू सरोवराचे आहेत असं म्हणता येणार नाही.