बुरांशाला आळं करू नका

फेब्रुवारी सरता सरता उत्तराखंडातल्या कुमाऊँच्या बांजवनात (बांज म्हणजे तिथला ओक) बुरांश, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनचं झाड, फुलायला लागतो. हिवाळा उबदार गेला तर जानेवारीतच. मुक्तेश्वर-रामगढकडे जमीन घेतलेल्या मराठी मंडळींना पहिली सूचना: कुदळ बाजूला ठेवा. आंब्याला करतो तसं बुंध्याभोवती आळं खणलेलं मी पाहिलंय. या झाडाची मुळं केसासारखी बारीक, मातीच्या वरच्या थरातच पसरलेली. खणलं की तुटलीच. त्यापेक्षा बांजाचा पालापाचोळा तीन-चार इंच पसरा, खोडापासून वीतभर दूर. राख, चुना, ताजं शेण काहीच नको. आम्लधर्मी माती हवी, सामू (pH) साधारण 4.5 ते 6.

आपल्याकडचा प्रकार कोणता, हे फुलावरून तर कळतंच, पण पान उलटून पाहा. खालच्या उंचीवर फूल लालभडक आणि पानाची पाठ चंदेरी. वर चढत जावं तसं फूल गुलाबी, कधी पांढरं, आणि पाठीवर दालचिनीच्या रंगाची लव. अंगठा फिरवला तर मखमल लागते. निलगिरीच्या शोला (डोंगरघळीतली ठेंगणी सदाहरित राई) आणि गवताळ माळावर याचीच वेगळी उपजात आहे, श्रीलंकेत आणखी एक. नागालँडमधल्या जाप्फू डोंगरावर 33 मीटर उंचीच्या झाडाची नोंद आहे. आपल्या कुमाऊँत दहा-बारा मीटर झालं तरी मोठंच म्हणायचं.

सरबतासाठी फक्त लाल फुलं घ्या. गुलाबी-पांढरी इथली माणसं खात नाहीत, आपणही खाऊ नयेत. फांदी मोडू नका, गुच्छ हाताने खुडा, आणि वरची फुलं पाखरांना राहू द्या. परागीभवनाचं बरंच काम तीच करतात. जंगलातली तोडायची तर वनपंचायतीला, म्हणजे गावचं जंगल सांभाळणाऱ्या समितीला, विचारूनच. घरी आणल्यावर प्रत्येक फुलातले दहाही पुंकेसर आणि मधली काडी काढून नुसत्या पाकळ्या धुवा, स्टीलच्या पातेल्यात शिजवा. लोखंडी कढईत रंग काळवंडतो. पानं मात्र विषारी: शेळ्या-मेंढ्यांना झाडाखाली मोकळं सोडू नका.

रोपं करायची असतील तर हिवाळ्यात पिकलेली बोंडं फुटायच्या आत काढून ठेवलेली हवीत. बी तपकिरीसारखं बारीक. ते मातीत गाडलं तर उगवत नाही, उजेड लागतो. ओल्या शेवाळावर नुसतं भुरभुरवा, वर काच ठेवा, सावलीत ठेवा, पाणी फवाऱ्यानेच द्या. छाटकलमं सहजी मुळं धरत नाहीत. बियांच्या रोपाला फूल यायला दशकभर तरी जातं; घाई असलेल्यांनी सफरचंद लावावं.

नैनितालहून पिशवीत रोप घेऊन पुण्या-नाशकाला येणारेही दर वर्षी भेटतात. काळ्या, चुनखडीच्या जमिनीत आणि बोअरच्या जड पाण्यावर त्याला लोह मिळत नाही. शिरा हिरव्या राहून पान पिवळं पडतं आणि रोप जातं. कोकणातली जांभी माती आम्ल आहे खरी, पण तिथला उकाडा त्याला सोसत नाही. हौसच असेल तर महाबळेश्वर-पाचगणीकडे कुंडीत अझेलिया लावा. ती याच कुळातली, आणि चार फुटांत मावते. पाणी मात्र पावसाचं साठवलेलं घाला.