शरदातली बाल्कनी: या चुका टाळा आणि शेवंतीला रात्री अंधार द्या

दसरा जवळ आला की पुण्यातल्या नर्सऱ्यांमध्ये पाय ठेवायला जागा नसते, आणि दिवाळीच्या आसपास मला मेसेज सुरू होतात. झाड का मेलं, कळ्या का गळतात, पानं पिवळी का. चुका इतक्या त्याच त्याच असतात की फोटो उघडायच्या आधीच उत्तर टाइप करून होतं.

सगळ्यात लाडकी चूक म्हणजे फुललेली शेवंती आणायची आणि घरी आल्या आल्या पिशवी फाडून मोठ्या कुंडीत लावायची. अरे बाबा, ते झाड सगळी ताकद फुलांवर लावून बसलंय, त्याच वेळी तुम्ही लाल मातीचा गोळा फोडून मुळं तोडता, वरून तांब्याभर पाणी आणि मूठभर खत, आणि मग चार दिवसांत मान टाकली की नर्सरीवाल्याच्या नावाने शंख. आधी आठवडाभर आहे त्याच पिशवीत सावली-उन्हात राहू द्या आणि फुलं संपेपर्यंत कुंडी बदलायचं नावच काढू नका. मी तर विकत आणताना फुललेलं झाड घेतच नाही, हिरव्या घट्ट कळ्या भरपूर आणि एखाद-दुसरी रंग दाखवणारी असं बघून घेते. दुकानात कमी सुंदर दिसतं म्हणून लोक तेच सोडून जातात, माझा फायदा.

दुसरी चूक कोणाच्या डोक्यातच येत नाही. ती म्हणजे उजेड. आमच्या सोसायटीत पहिल्या मजल्यावरच्या काकूंची शेवंती, स्वतः रोपं करून वाढवलेली, हिरवीगार, कमरेएवढी, आणि दिवाळी उलटून गेली तरी कळी नाही. काकूंनी शेणखत घातलं, डीएपी नावाचं रासायनिक खत घातलं, कोणीतरी सांगितलं म्हणून ताकसुद्धा ओतलं. मी गेले तर दिवसा काहीच गडबड दिसेना, ऊन छान, माती छान. रात्री जेवून परत चक्कर मारली तेव्हा कळलं की पार्किंगसाठी नवा एलईडी फ्लडलाइट बसवलाय आणि तो थेट त्यांच्या बाल्कनीत, रात्रभर, पेपर वाचता येईल इतका उजेड. आणि गंमत म्हणजे एसीच्या आउटडोअर युनिटमागे जी एक कुंडी सावलीत अडकली होती तिला कळ्या लागलेल्या! शेवंती कळी धरते ती रात्र मोठी झाली की, आणि मध्येच उजेड पडला तर झाडाच्या हिशोबात रात्र मोठी होतच नाही. खताचा काही संबंध नाही. कुंड्या मागच्या ड्राय बाल्कनीत हलवल्या, तिथे सकाळचं ऊन येतं आणि रात्री ठार अंधार, आणि नाताळच्या सुमारास काकूंनी फुलांचा फोटो ग्रुपवर टाकला. पॉइनसेटिया आणि कलांचो यांचंही हेच, तेव्हा आकाशकंदील लावायचा तर तो या कुंड्यांपासून लांब लावा.

आता ऊन. पावसाळ्यात जिथे कुंडी होती तिथेच ती वर्षभर राहणार असं लोक धरून चालतात. 23 सप्टेंबरच्या आसपासनंतर सूर्य दक्षिणेकडे सरकतो, त्यामुळे उत्तरेच्या बाल्कनीत थेट ऊन थेट मार्चपर्यंत बंद, आणि दक्षिणेच्या बाल्कनीत तेच ऊन तिरकं होऊन पार आतल्या भिंतीपर्यंत येतं. म्हणून उत्तरेला फुलझाडं ठेवून वाट बघत बसू नका, तिथे फर्न ठेवा, मनी प्लांट ठेवा. माझ्याकडे घटस्थापनेच्या आसपास कुंड्यांची बदली असते, दरवर्षी, नवऱ्याची पाठ दुखली तरी.

पाण्याचं थोडक्यात सांगते. ऑक्टोबर हीटमुळे वरची माती तडकते आणि लोक घाबरून रोज ओततात, खाली मात्र पावसाळ्यात घट्ट बसलेली माती ओलीच असते. दोन पेरं बोट घाला, ओलं लागलं तर झारी परत ठेवा. आधी खुरप्याने वरचं शेवाळ काढा आणि कुंडीचं भोक काडीने मोकळं करा.

पिटुनियाचं बी दसऱ्याला पेरू नका, गरमीत रोपं मान टाकतात. उन्हं जरा उतरली की पेरा, आणि बी मातीत पुरू नका, नुसतं वर भुरभुरा, त्याला रुजायला उजेड लागतो.

गुलाबाची छाटणी पाऊस पूर्ण थांबल्यावरच. ओल्या हवेत कापलेली फांदी वरून काळी पडत खाली वाळत येते.

शेवंतीचे शेंडे ऑक्टोबरमध्ये खुडू नका, कळ्याच खुडताय तुम्ही.

तोरणातला झेंडू कुंडीत चुरडला तर कधीकधी रोप येतं, पण फूल तसंच टपोरं येईल याची खात्री नाही, आणि दिवाळीला तर नाहीच नाही. दिवाळीला झेंडू हवा तर बी गणपतीच्या आधी पडायला हवं. हे दरवर्षी सांगते, दरवर्षी ऑक्टोबरमध्येच विचारतात.

बाल्कनीच नाही म्हणून रडणाऱ्यांसाठी रस्त्यावर फुकट शरद आहे, फक्त वेळ चुकवू नका. पारिजातक आणि बूच बघायचे तर सकाळी लवकर, झाडूवाले यायच्या आत, दुपारी गेलात तर गाड्यांखालचा चिखल दिसेल. पारिजातक हलवून फुलं पाडायची काही गरज नाही, पहाटे ती आपोआप पडतात. सप्तपर्णीसाठी मात्र रात्री जेवणानंतर बाहेर पडा, वास तेव्हाच खरा, ज्यांचं डोकं दुखतं त्यांनी दुसरी गल्ली धरावी. आणि दसऱ्याला आपट्याच्या फांद्या ओरबाडणाऱ्यांनो, निम्म्या वेळा तुम्ही तोडता तो कांचन असतो, आपट्याचं पान त्याहून बरंच लहान असतं.