बॅरिएट्रिक ऑपरेशननंतरची पुढची वर्षं: ताट, पाणी, गोळ्या आणि तपासण्या कशा सांभाळाव्यात

वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतरचं पहिलं वर्ष सगळ्यांच्या देखरेखीखाली जातं. डाएटिशियनचे फोन येतात, दर तीन महिन्यांनी तपासणी होते, घरचे ताटाकडे लक्ष ठेवून असतात. चौथ्या-पाचव्या वर्षी चित्र बदलतं. भूक परत लागते, पोटात थोडं जास्त मावतं, गोळ्या मागे पडतात आणि तब्येत चांगली दिसत असल्यामुळे कोणाला काही खटकतही नाही. हा लेख त्या वर्षांसाठी आहे. डोळ्यांसमोर आहे तो ठाणे-नवी मुंबईतला, डबा घेऊन लोकल पकडणारा माणूस.

१. वजनाची स्वतःची इशारारेषा ठरवा

वजन बहुतेकांचं बारा ते अठरा महिन्यांत सगळ्यात खाली येतं आणि मग काही किलो परत चढतं. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या मोठ्या अभ्यासात बायपास (जठराची छोटी पिशवी करून ती थेट पुढच्या आतड्याला जोडण्याचं ऑपरेशन) झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरलं होतं. दहा वर्षांनी ही घट २५ टक्के राहिली. म्हणजे थोडी वाढ हा शरीराचा स्वभाव आहे, तुमचा गुन्हा नाही. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, सकाळी शौचाला जाऊन आल्यावर वजन करा. स्थिरावलेल्या वजनापेक्षा तीन किलो वर जाऊन महिनाभर तिथेच राहिलं, तर खाण्याची नोंद सुरू करा. पाच किलो झालं तर दवाखाना गाठा. दहा किलो होईपर्यंत लाजेने थांबणारे फार असतात, आणि तोवर काम अवघड झालेलं असतं.

२. प्रोटीनचा हिशोब ग्रॅममध्ये ठेवा

दिवसाला ६० ते ८० ग्रॅम प्रोटीन लागतं. ते कमी पडलं की चरबीऐवजी स्नायू झिजतात, थकवा येतो, केस गळतात. ताटात आधी प्रोटीन, मग भाजी, आणि जागा उरली तरच पोळी किंवा भात, हा क्रम दहाव्या वर्षीही तोच ठेवायचा.

एका दिवसाचा नमुना पाहू. सकाळी दोन अंडी, साधारण १२ ग्रॅम. अंडी चालत नसतील तर ५० ग्रॅम मुगाची धिरडी, तीही तेवढंच देतात. साडेदहाला पेलाभर दूध, ६ ग्रॅम. दुपारच्या डब्यात ८० ग्रॅम पनीरची भुर्जी, १४ ग्रॅम, सोबत अर्धी पोळी. संध्याकाळी ३० ग्रॅम फुटाणे, ६ ग्रॅम. रात्री १०० ग्रॅम बांगडा किंवा सुरमई, २० ग्रॅमच्या आसपास. एवढं सगळं मिळून जेमतेम साठ भरतात. शाकाहारी घरात रात्री माशाच्या जागी ३० ग्रॅम कोरडे सोयाचंक्स घेतले तर १५ ग्रॅम मिळतात. वरणावर भिस्त ठेवणारे इथेच फसतात: वाटीभर पातळ वरणात चार-पाच ग्रॅमच असतात आणि पोट मात्र पाण्याने भरतं. घट्ट वरण, उसळ, पिठलं बरं. तरीही कमी पडत असेल तर व्हे (दुधातल्या प्रोटीनची) पावडर डब्यातल्या मापाचा एक चमचा जोडा, पण डब्यावर एका चमच्यात किती प्रोटीन लिहिलंय ते वाचून. २० ते २५ ग्रॅम हवेत.

३. वीस मिनिटं जेवा, पाणी वेगळं ठेवा

जेवणाआधी १५ ते ३० मिनिटं पाणी थांबवा आणि जेवल्यावर अर्धा तास पिऊ नका. बायपासमध्ये पाण्यासोबत अन्न आतड्यात भरभर उतरतं, त्यामुळे भूक लवकर लागते. स्लीव्हमध्ये, म्हणजे जठराचा मोठा भाग काढून टाकण्याच्या ऑपरेशनमध्ये, उरलेल्या नळीसारख्या जठरात दाब वाढतो आणि अन्न वर येतं. दिवसभरात दीड ते दोन लिटर पाणी मात्र हवंच, आणि इथल्या मे-ऑक्टोबरच्या घामात त्याहून थोडं जास्त. ठाणे-वाशी लोकलचा अर्धा तास घोट घोट पाणी पिण्यासाठी उत्तम; खाण्यासाठी अजिबात नाही. उभ्याने, गर्दीत, घाईने खाल्लेला घास नीट चावला जात नाही.

अडकतात ते पदार्थ ठरलेले आहेत: पाव, मऊ ताजी पोळी, चिकट भात, कोरडं चिकन. पावाचा तोंडातच लगदा होऊन गोळा बनतो. शेवग्याच्या शेंगेचा गर चोखा आणि चोथा टाकून द्या. संत्र्याच्या फोडींची साल काढा, नाहीतर धाग्यांचा गोळा जठरात साठू शकतो. घास अडकला तर खाणं थांबवून उभे राहा, हळूहळू चाला. वरून पाणी ओतू नका, त्याने उलटीच होते. काही तासांनंतरही थुंकीसुद्धा खाली जात नसेल तर थेट हॉस्पिटल.

४. दोन जेवणांमधला वेळ राखा

वजन परत येतं ते बहुतेक वेळा इथून, म्हणून यावर जरा जास्त लिहितो. "मी तर दीड वाटीच जेवतो," असं सांगणाऱ्याचं म्हणणं खरं असतं. पण चहात बुडवलेलं बिस्कीट, खारी, शेव, वेफर्स, चकली, आइस्क्रीम, उसाचा रस हे सगळं विरघळून खाली जातं. पोट भरल्याची जाणीवच होत नाही. हिशोब करून बघा: दिवसाला चार कप चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे ४० ग्रॅम साखर आणि १६० कॅलरी. प्रत्येक कपासोबत दोन मारी बिस्किटं धरली तर आणखी साधारण २००. ऑपरेशन झालेल्या माणसाच्या एका अख्ख्या जेवणाइतकं झालं, आणि तेही प्रोटीनशिवाय.

उपाय असा. सात दिवस, तोंडात गेलेली प्रत्येक गोष्ट वेळेसकट लिहा, मुलाच्या डब्यातला उरलेला घाससुद्धा. मग दिवसाच्या पाच वेळा पक्क्या करा. त्यांच्या बाहेर फक्त पाणी, बिनसाखरेचा चहा किंवा पातळ ताक. ऑफिसातून सुटल्यावर स्टेशनबाहेरचा वडापाव टाळायचा असेल तर फुटाणे बॅगेत हवेत आणि ते साडेपाचला, भूक खवळायच्या आधी खाल्लेले हवेत. बाहेर खाणं बंद करा असं म्हणणं नाही. ठाण्यात मामलेदारची मिसळ खायचीच असेल तर मटकी खा, फरसाण आणि पाव सोडा, तर्री बेताने घ्या. स्लीव्हनंतर छातीत जळजळ होत असेल तर मात्र तीही नको.

उपवासाचंही तसंच. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ स्टार्च. एकादशीला दही, पनीर, शेंगदाणे, राजगिरा यांवर दिवस काढता येतो. निर्जळी उपवास करू नका.

५. गोड खाल्ल्यावर काय होतं ते ओळखा

श्रीखंड, जिलबी किंवा मोदक खाल्ल्यावर दहा ते तीस मिनिटांत धडधड, घाम, पोटात मुरडा, जुलाब झाले तर ते लवकरचं डंपिंग, म्हणजे गोड अन्न आतड्यात एकदम उतरणं. एक ते तीन तासांनी हातपाय थरथरले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर रक्तातली साखर उतरलेली असते. बायपास झालेल्यांना हे वर्षभरानंतर, कधी त्याहून उशिरा सुरू होतं. त्या क्षणी ग्लुकोमीटरवर मोजा. साखर उतरली असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज पावडर पाण्यातून घ्या आणि दहा-पंधरा मिनिटांनी पनीर किंवा फुटाणे खा. नुसतं गोड खाऊन थांबलात तर साखर चढते आणि पुन्हा कोसळते. ५४ मिलिग्रॅम/डेसिलिटरच्या खाली आकडा आला तर डॉक्टरांना कळवा. लॅबमध्ये ग्लुकोज पाजून करायची चाचणी सांगितली असेल तर बायपास झालाय हे आधी सांगा.

६. गोळ्यांचं वेळापत्रक

गोळ्या आयुष्यभर घ्यायच्या असतात. यकृतातला बी१२चा साठा काही वर्षं पुरतो, म्हणून कमतरता उशिरा आणि गुपचूप येते: पायांना मुंग्या, तोल जाणं, विसर पडणं. तोंडाने रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम किंवा महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन, यातलं एक चुकवू नका.

कॅल्शियम आहार आणि गोळ्या मिळून दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, एका वेळी ५००-६०० पेक्षा जास्त नाही. ते सायट्रेट असावं. केमिस्ट 'तेच आहे' म्हणून कार्बोनेट देतो, पण त्याला विरघळायला जठरातलं आम्ल लागतं आणि तेच आता कमी आहे. पाकिटावर एलिमेंटल (प्रत्यक्ष) कॅल्शियमचा आकडा बघा. १००० मिलिग्रॅम सायट्रेटच्या गोळीत तो २१०च्या आसपासच असतो. व्हिटॅमिन डी३ साधारण ३००० युनिट रोज. पाळी सुरू असलेल्या स्त्रियांना आणि बायपास झालेल्यांना ४५ ते ६० मिलिग्रॅम लोह. लोह आणि कॅल्शियममध्ये दोन तास अंतर ठेवा आणि लोहाच्या आसपास चहा नको. सोपी मांडणी: नाश्त्यानंतर मल्टीव्हिटॅमिन, कॅल्शियम अकरा, पाच आणि साडेआठला, लोह झोपताना. तुमची मात्रा रक्ताच्या रिपोर्टवरून डॉक्टरच ठरवतील.

वर्षातून एकदा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा), बी१२, फोलेट, व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं हार्मोन), अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन), एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) आणि यकृताच्या चाचण्या करा. बायपासनंतर झिंक, कॉपरही. 'फुल बॉडी' पॅकेजात फेरिटिन आणि पीटीएच अनेकदा नसतात, यादी ताडून पाहा. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन तळाला गेलेलं असू शकतं.

७. इथे मात्र थांबू नका, लगेच दवाखान्यात जा

दोन-तीन दिवस सतत उलट्या होत असतील तर बी१ संपतं. ग्लुकोजच्या सलाईनआधी थायमिन (म्हणजेच बी१) द्यायला सांगा. उलटा क्रम मेंदूला इजा करू शकतो. बायपासनंतर जेवल्यावर पोटात कळा येत असतील तर आतडं आतल्या फटीत अडकलेलं असू शकतं. हे वर्षांनंतरही होतं आणि सोनोग्राफी नॉर्मल येऊ शकते. सीटी स्कॅनचं विचारा. शौचाला काळी झाली तर अल्सर रक्तस्राव करत असेल. म्हणूनच बायपासनंतर आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक स्वतःहून घ्यायचे नाहीत आणि तंबाखू, मिश्री, सिगारेट कायमची सोडायची. दारू तर आता लवकर आणि जास्त चढते, आणि बायपासनंतर दुसऱ्या वर्षापासून तिचं व्यसन लागण्याचा धोका वाढतो.

८. वजन परत आलंच तर

आधी कारण शोधा: खाण्याची नोंद, थायरॉइड, नव्याने सुरू झालेली औषधं, एंडोस्कोपी. ठाण्याच्या तळावपाळीला किंवा नेरुळच्या 'ज्वेल ऑफ नवी मुंबई' बागेत चालणं चांगलंच, पण स्नायू टिकवायला आठवड्यातून दोनदा वजनाचे व्यायामही हवेत. दुसरं ऑपरेशन हा शेवटचा पर्याय. २०२५ पासून भारतात वजनासाठी टिर्झेपॅटाइड आणि सेमाग्लुटाइडची इंजेक्शनं मिळतात, आणि ऑपरेशननंतर वजन वाढलेल्यांना डॉक्टर ती कधी कधी देतात. ती सुरू झाल्यावर भूक आणखी मरते, त्यामुळे पहिल्या आठवड्यापासूनच प्रोटीनचे ग्रॅम पुन्हा वहीत मांडा आणि ६०च्या खाली जात असतील तर पुढचा डोस वाढवण्याआधी डॉक्टरांना ती वही दाखवा.