गतिमंद मुलाला पोलिसांनी उचललं तर जेलऐवजी उपचार कसे मागायचे

हे सगळं अठरा वर्षं पूर्ण झालेल्यांसाठी आहे. अठराच्या आतला असेल तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं, तो रस्ता वेगळा. पण खूप पालक इथेच अडकतात, म्हणजे "साहेब वय चोवीस असलं तरी बुद्धी सात वर्षांच्या पोराची आहे हो, सर्टिफिकेटवर मेंटल एज लिहिलंय" असं सांगत बसतात आणि पहिले दोन-तीन दिवस त्यातच जातात. २०१७ ला सुप्रीम कोर्टाने पॉक्सोच्या (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा) एका केसमध्ये सांगून टाकलंय की वय म्हणजे जन्मतारखेचं वय, बुद्धीचं नाही. ती केस पीडित महिलेची होती, आरोपीची नव्हती, तरी त्याच मुद्द्यावर आपलं काही चालेल या भ्रमात राहू नका. आपला रस्ता दुसरा आहे आणि तो चांगला पक्का आहे, फक्त माहीत पाहिजे.

आधी पोलिस स्टेशन. फोन येतो, "काही नाही, फक्त चौकशीला पाठवून द्या." साक्षीदार म्हणून बोलवत असतील तर बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम १७९ सांगा, शारीरिक किंवा मानसिक दिव्यांग माणसाला राहत्या घराबाहेर कुठेही बोलावता येत नाही, विचारायचं ते घरी येऊन विचारा. भांडायचं नाही, नुसतं कलम सांगायचं आणि त्याच वेळी वकिलाला फोन लावायचा. अटकच झाली असेल तर चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं, नातेवाईकाला कळवावं लागतं, आणि चौकशी चालू असताना वकिलाला भेटता येतं. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा कोर्टातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, दिव्यांग माणसाला फुकट वकील मिळतो, त्यात उत्पन्नाची अट आड येत नाही. हेल्पलाइन १५१००.

आता जबाब. आपली बरीच पोरं समोरच्याला खूश करायला हो म्हणतात हे आपल्याला घरात माहीत असतं पण खाकीतल्या माणसाला माहीत नसतं. वकिलाला हे नुसतं सांगू नका, दाखवा. त्याच्यासमोर पोराला विचारा, "काल तू विमान चालवलंस ना?" हो. "आणि समुद्रात पाडलंस ना?" हो. हे एकदा बघितलं की वकील पुढे काय करायचं ते आपोआप ओळखतो. पोलिसांसमोर दिलेली कबुली कोर्टात पुरावा म्हणून चालत नाही, पण "त्याने सांगितल्यावरून अमुक वस्तू सापडली" हे मात्र चालतं, म्हणून पंचनाम्यात काय लिहिलंय ते नीट वाचा.

कागद कुठले लागतात? यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), दिव्यांग प्रमाणपत्र, स्पेशल स्कूलचे जुने रिपोर्ट, लहानपणीची आयक्यू आणि व्हाइनलँडची टेस्ट (रोजची कामं स्वतः किती जमतात ते बघणारी), जे काय असेल ते. जुना कागद जास्त कामाचा, कारण सरकारी वकील पहिलं हेच म्हणणार की केस झाल्यावर नाटक सुरू झालं. पंधरा वर्षांपूर्वीचा पिवळा पडलेला शाळेचा रिपोर्ट असेल तर हे बोलणं तिथेच संपतं. झेरॉक्स द्या, ओरिजिनल कुणाच्याच हातात देऊ नका.

मग मुख्य गोष्ट, अर्ज. बीएनएसएस कलम ३६७ खाली मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करायचा की आरोपीची तपासणी सिव्हिल सर्जनकडून व्हावी. सिव्हिल सर्जन पुढे सायकियाट्रिस्ट किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवतो आणि हा तज्ज्ञ कोर्टाला कळवतो की मानसिक आजार आहे की बौद्धिक दिव्यांगत्व. आता इथे नीट लक्ष द्या, सगळी केस या एका ओळीवर फिरते. आजार असेल तर कोर्ट काम पुढे ढकलतं, म्हणजे बरा झाला की परत सुरू. बौद्धिक दिव्यांगत्व असेल आणि त्यामुळे त्याला स्वतःचा बचाव करता येत नसेल तर चौकशी बंद करायची आणि कलम ३६९ प्रमाणे वागायचं, असं कायद्यात आहे. साहजिक आहे, आपलं पोर बरं व्हायची वाट कोण आणि किती वर्षं बघणार! मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ सुद्धा बौद्धिक दिव्यांगत्वाला मानसिक आजार धरत नाही. म्हणून वकील घाईत अर्जात "मनोरुग्ण" लिहीत असेल तर थांबवा. रिपोर्ट पटला नाही तर मेडिकल बोर्डाकडे अपील करता येतं.

३६९ मध्ये गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, जामिनावर सोडायची सोय आहे. अटी दोन. ॲडमिट करून ठेवायची गरज नाही असं डॉक्टरचं मत पाहिजे, आणि नातेवाईक किंवा मित्राने लिहून द्यायचं की नियमित ओपीडीत नेईन आणि तो स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करणार नाही हे बघेन. कोर्टाला वाटलं की या केसमध्ये जामीन देता येणार नाही, किंवा असं कुणी लिहूनच दिलं नाही, तर मात्र उपचार मिळतील अशा ठिकाणी ठेवतात, आणि आपल्याकडे व्यवहारात ते म्हणजे येरवडा, ठाणे, नागपूर नाहीतर रत्नागिरीचं मनोरुग्णालय.

म्हणून हमीपत्राला फक्त सही करून मोकळं होऊ नका, त्यासोबत प्लॅन जोडा. ओपीडीचा वार आणि डॉक्टरचं नाव, बिहेवियर थेरपी कोण देणार, दिवसा कुठल्या कार्यशाळेत जाणार तिथलं पत्र, आई कामावर असताना घरी कोण, आणि ज्या गोष्टीमुळे प्रकार घडला ती कशी टाळणार. समजा शेजारणीचा मोबाईल उचलला म्हणून केस आहे, तर सकाळ-संध्याकाळ जिन्यावरून एकटा जाणार नाही, काका सोबत असतील, इतकं साधं लिहा. जज समोरच्या माणसाला सोडतो ते कुणाच्या तरी हातात सोडतो, ते हात कागदावर दिसले पाहिजेत. आईवडील थकलेले असतील तर नॅशनल ट्रस्टच्या कायद्याखाली (बौद्धिक दिव्यांग वगैरेंसाठीचा केंद्राचा कायदा) कलेक्टरच्या स्थानिक समितीकडून पालकत्वाची ऑर्डर आधीच काढून ठेवा, भावाच्या किंवा मावशीच्या नावाने.

आणि "उपचाराला पाठवलं, सुटलो" असं समजू नका बरं का. आसाममध्ये माचांग लालुंग नावाच्या माणसाला १९५१ मध्ये अटक झाली, तेजपूरच्या मनोरुग्णालयात टाकलं, मग तिथून जेलात, आणि खटला न चालताच तो २००५ मध्ये बाहेर आला. चोपन्न वर्षं. त्यामुळे दर तारखेला वकिलाने उभं राहून विचारायचं की रिपोर्ट आला का, सोडायचं काय झालं. जास्तीत जास्त शिक्षेच्या निम्मा काळ आत गेला असेल, पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश, तर बीएनएसएस कलम ४७९ खाली सुटकेचा अर्ज करता येतो, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून.

सौम्य प्रकार असेल, पोराला बऱ्यापैकी समजतं आणि कोर्ट म्हणालं की खटला चालेल, तर दोन गोष्टी हातात राहतात. एक म्हणजे बीएनएस (भारतीय न्याय संहिता, गुन्हे आणि शिक्षांचा कायदा) कलम २२, की कृत्य करताना त्याला ते काय आहे किंवा चूक आहे हे कळतच नव्हतं. ते आपल्यालाच दाखवावं लागतं आणि नुसतं प्रमाणपत्र तिथे पुरत नाही, त्या दिवशी तो कसा वागला ते सांगणारे साक्षीदार लागतात. पळून गेला का, वस्तू लपवली का, हे विचारणारच. या मुद्द्यावर निर्दोष सुटला तरी थेट घरी येत नाही हे आधीच ओळखून ठेवा, बीएनएसएस कलम ३७४ खाली नातेवाईकाने ताब्यात मागायचा अर्ज आणि जामीन द्यावा लागतो, ते कागद निकालाच्या आधीच वकिलाकडून तयार करून घ्या. दुसरी गोष्ट म्हणजे दोषी ठरलाच तर प्रोबेशनचा १९५८ चा कायदा, चांगल्या वर्तणुकीच्या बाँडवर सोडतात, आणि तिथेही तोच प्लॅन परत जोडायचा, तारखा बदलून.