आजी-आजोबा अन् टीनएजर नातवंडं, नागपुरात रूम कुठं घ्यायची?
शंकरनगर-धरमपेठ साइडला हॉटेल बघा, मेट्रोची अ‍ॅक्वा लाइन तिथूनच जाते अन् सीताबर्डीला उतरलं की एअरपोर्टकडची ऑरेंज लाइन मिळते, म्हणजे पोरं दोघंच बर्डीत भटकून आली तरी टेन्शन नाही. रूम दोन घ्या, पण मधे दार असलेल्या मिळाल्या तर बेस्ट, कारण पोरं रात्री एकपर्यंत मोबाइलवर अन् आजोबा पाचला उठून चहा मागणार. बुकिंगआधी फोन करून विचारा, लिफ्ट चालू आहे का, कमोड आहे का, बाथरूममधे धरायला दांडा आहे का. नुसत्या फोटोवर जाऊ नका बाप्पा, आमची आई दोन जिने चढली होती! मे महिन्यात येत असाल तर एसीच घ्या, पारा ४५ च्या वर जातो, कूलरनं भागत नाही.